भास्कराचार्यांचं उणे सहा

धाराशिववरून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग बीड आणि छत्रपती संभाजीनगर मागे टाकून कन्नडचा घाट उतरतो आणि चाळीसगावला पोहोचतो. तिथून जवळच, डोंगराच्या पायथ्याशी, पाटणे हे गाव आहे. तिथल्या देवीच्या देवळातला शिलालेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला तो एका डॉक्टरने, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतल्या भाऊ दाजी लाड यांनी. भास्कराचार्यांच्या घराण्याची बरीचशी माहिती या शिलालेखामुळे आपल्याला मिळाली.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. गाव सह्याद्रीजवळचं विज्जलवीड. ते नेमकं कुठलं यावर वाद आहेत. आपल्याकडे बीड म्हणणारेही आहेत. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग. लीलावती त्यांची मुलगी आणि घटिकापात्रात अडकलेला मोती, ही गोष्ट मात्र मूळ ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून ती पसरली. गोष्ट सगळ्यांना पाठ आणि गणित कुणालाच नाही, असं आपलं झालं आहे.

त्यातलं एक गणित अकरावीला फिजिक्स घेतलेल्या प्रत्येक मुलाने सोडवून बघावं. त्रिकोणाच्या दोन बाजू १० आणि १७, पाया ९. वरच्या टोकातून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे केवढे? रीतीप्रमाणे करत गेलं की एक तुकडा १५ येतो. नवाच्या पायात पंधराचा तुकडा! मग दुसरा उणे ६. काहीतरी चुकलं म्हणून इथे पाटी पुसणं सोपं होतं. भास्कराचार्यांनी पुसली नाही. ऋण म्हणजे उलट्या दिशेचा, असा अर्थ त्यांनी लावला. लंब पायाच्या बाहेर, ६ अंतरावर पडतो आणि त्याची उंची ८ येते. कागदावर काढून बघा, जुळतं.

सरळ रेषेतली गती शिकताना मुलं अडखळतात ती इथेच. गाडी पळतेच आहे, मग तिचा वेग उणे कसा? किती जोरात, ती चाल. किती जोरात आणि कुणीकडे, हे दोन्ही मिळून वेग. आकड्याबरोबर दिशाही लागणाऱ्या अशा राशीला सदिश राशी किंवा व्हेक्टर म्हणतात. सरळ रेषेत दिशा दोनच असतात, म्हणून अधिक-उणे एवढ्या चिन्हावर भागतं. ईसीजीतही हेच आहे. हृदयातली विजेची लाट इलेक्ट्रोडकडे येत असेल तर रेघ वर जाते, दूर जात असेल तर खाली. खाली गेलेली रेघ म्हणजे वीज कमी पडली असं नव्हे.

आमच्या अपघात विभागात या चिन्हाची किंमत रोज कळते. ट्रक ताशी ४० ने चालला आहे. मागून ताशी ६० ने येणारी मोटारसायकल त्याला धडकली, तर दोघांच्या वेगातला फरक २०. वळसा लांब पडतो म्हणून तीच मोटारसायकल राँग साइडने समोरून आली, तर ४० वजा उणे ६०, म्हणजे १००. फरक पाचपट झाला; आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे धडक पंचवीसपट. ट्रक तोच, गाडी तीच, मीटरचा काटाही साठावरच. हेल्मेट घालाच, पण पंचवीसपट धडकेपुढे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

नातेवाईक सांगतात, सोलापूरहून निघून दीड तास झाला होता, म्हणजे पोरगा सावकाशच येत होता. ती झाली सरासरी. हाडांना त्या क्षणाचा वेग लागतो. भास्कराचार्यांना हा फरक चंद्रामुळे महत्त्वाचा वाटला. चंद्र एका दिवसात कधी बारा अंशही सरकत नाही, तर कधी पंधराच्या पुढे जातो. तिथी कधी संपते हे काढताना दिवसभराची एकच गती धरली तर वेळ चुकणार. म्हणून त्या क्षणाची, तात्कालिक गती. ही कल्पना त्यांच्याआधी मुंजालाकडेही दिसते. भास्कराचार्यांनी ती पुढे नेली: ग्रहाच्या स्थानातली दुरुस्ती जिथे सर्वांत मोठी, तिथे गतीतली दुरुस्ती शून्य, हे त्यांनी नोंदवलं. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी क्षणभर थांबतो, त्याच जातीचं हे निरीक्षण. न्यूटनच्या आधी सगळं आपल्याकडे होतं, अशी आरोळी ठोकायची मला गरज वाटत नाही. होतं तेवढं नीट वाचलं तरी खूप आहे.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पंचांग करणाऱ्यांना झटपट आकडेमोड करता यावी, यासाठीचा हा ग्रंथ. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता. नातू चांगदेवाने सिंघणाच्या काळात, १२०७ च्या सुमारास, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण्याला मठ काढला. भाऊ दाजींना सापडलेला लेख या मठाचाच. वरचा भाग संस्कृत, शेवटचा चक्क मराठीत. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर आणि तेलाच्या घाण्यांवर मठासाठी किती द्यायचं, ते त्यात लिहून ठेवलं आहे.