विश्लेषण : बीपी ‘लो’ आले म्हणजे काय? परळच्या डॉ. रुस्तम वकील यांची गोष्ट

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून पहाटे उपाशीपोटी ससून डॉककडे निघालेल्या एखाद्या महिलेला उठताच गरगरते. बीपी मोजले तर ९०/६०. ती बीपीची गोळी घेत असेल तर घरात लगेच सल्ला मिळतो, आजपासून गोळी बंद! मुळात गोळीने रक्तदाब खाली येऊ शकतो, हे जगाला पटवण्यात मुंबईच्याच एका डॉक्टरांचा मोठा वाटा होता. ते म्हणजे डॉ. रुस्तम जाल वकील.

कोण होते डॉ. वकील?

त्यांचा जन्म १९११ मध्ये मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मुंबईत परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. त्या काळी उच्च रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. विश्रांती, कमी मीठ, झोपेची औषधे किंवा मोठी शस्त्रक्रिया एवढेच पर्याय होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचेही १९४५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन निधन झाले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदवला गेला होता.

सर्पगंधेने काय बदलले?

सर्पगंधेची मुळी आयुर्वेदात जुनीच. तिने रक्तदाब उतरतो, हे कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये मांडले होते. पण पाश्चात्त्य वैद्यकाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. डॉ. वकील यांनी ती रुग्णांना देऊन रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या. ५० रुग्णांवरील त्यांचा अभ्यास १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. त्यानंतर बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी या औषधाच्या चाचण्या केल्या, तर स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये १९५२ मध्ये सर्पगंधेतून ‘रेसर्पिन’ वेगळे काढण्यात आले. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले.

औषधाची दुसरी बाजू कोणती?

रेसर्पिनमुळे काहींचे नाक चोंदायचे, नाडी मंद व्हायची, तर काहींना नैराश्य यायचे. गोळी बंद केल्यावरही परिणाम बरेच दिवस टिकायचा. नवी औषधे आल्यावर ते मागे पडले. आकडा खाली आला म्हणजे रुग्ण बरा झाला असे नाही, त्याला कसे वाटते हेही विचारावे लागते, हा धडा मात्र कायम राहिला.

मग लो बीपी कधी काळजीचे?

● साधारण ९०/६० पेक्षा कमी रक्तदाबाला ‘लो’ म्हणतात. काहींचा रक्तदाब मुळातच कमी असतो. त्रास नसेल तर बहुतेकदा उपचार लागत नाहीत.

● उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर गरगरू शकते, तोल जाऊ शकतो.

● कारणे अनेक : उन्हात घाम, उलट्या-जुलाब, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, हृदयविकार किंवा बीपीच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या.

● गरगरल्यास लगेच बसा किंवा आडवे व्हा. शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, अंग गार आणि घामेजलेले होणे, बोलण्यात गोंधळ असे काही दिसले तर तातडीने रुग्णालय गाठा.

गोळी बंद करावी का?

स्वतःहून नाही. एकदम थांबवल्यास रक्तदाब उसळी घेऊ शकतो. बसून आणि उभे राहून घेतलेले आकडे, वेळ आणि त्रास वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी करायची की बदलायची, हे त्यावरून ठरवता येते.

डॉ. वकील यांचे १९७४ मध्ये निधन झाले. त्यांनी जगाला पटवले ते रुग्णांच्या अशाच नोंदींच्या बळावर.