खाल्ल्या मिठाचे मोल

पेडणे महालातील केरी गावचे जिवबादादा केरकर इतिहासाला ठाऊक आहेत ते जिवबादादा बक्षी म्हणून. गावावरून आलेले आडनाव मागे सरले आणि शिंद्यांच्या चाकरीतील हुद्दा हेच आडनाव होऊन बसले. चाकर धन्याशी किती एकरूप होतो, हे एवढ्यावरूनही ध्यानी यावे.

फौजेची हजेरी आणि पगार पाहणारा अधिकारी तो बक्षी. सरकार आणि शिपाई यांच्या मधोमध त्याची जागा. तिजोरी रिकामी असली तरी धन्याचा शब्द त्याने राखायचा आणि खोळंबलेल्या शिपायाची समजूतही त्यानेच घालायची. रोज धन्याच्या वतीने बोलता बोलता धन्याचे म्हणणे हेच आपले म्हणणे होऊन जाते. त्यातून महादजींसारखा गुणांची पारख असलेला धनी लाभला, तर पगारापेक्षा विश्वासाचेच बंधन बळकट ठरते. १७९० साली पाटणच्या रणात दादा महादजींसाठी लढले. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी निवर्तले. तरीही मार्च १७९५ मध्ये खर्ड्यावर दादांनी दौलतराव शिंद्यांची फौज निजामाविरुद्ध तितक्याच निष्ठेने लढविली. १७९६ साली त्यांचा देह पडला.

मधल्या काळात इकडे डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेले. जन्मभूमीचा धनी पालटत असता तिचा हा सुपुत्र दूर उत्तरेत दुसऱ्याची दौलत सांभाळीत होता. आणि त्या दौलतीने काय दिले? दादांचे चिरंजीव नारायणराव बक्षी यांना दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी १८०० च्या सुमारास हालहाल करून मारविले. बापाची चाकरी मुलाच्या कामी आली नाही.

हे केवळ जुन्या दरबारातच घडते असे नाही. डिचोलीच्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, तेव्हा कामगारच त्या सुरू व्हाव्यात म्हणून रस्त्यावर उतरले. त्यात पोटाची चिंता होती, तशीच वर्षानुवर्षे आपली मानलेल्या कंपनीविषयीची आपुलकीही होती. त्या आपुलकीला हसणे हा कृतघ्नपणा होईल. परंतु खाल्ल्या मिठाला जागण्याचा धडा चाकरांनाच दिला जातो. धन्याला तो कोणी देत नाही. म्हणून चाकरी इमानाने करावी, मात्र हक्क धन्याच्या मर्जीवर न सोडता करारात लिहून घ्यावेत आणि आपल्या गावाचे नाव पुसू देऊ नये. दादांच्या चरित्राचा आम्हाला उमगलेला अर्थ हाच आहे.