पुस्तक, पंडिता आणि माझा प्रश्न

गेल्या वर्षी २ नोव्हेंबरला, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनी, मी आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती लावून हॉस्टेलवर परत आले. माझी रूममेटही ख्रिस्तीच, पण प्रॉटेस्टंट घरातली. तिनं साधेपणानं विचारलं, मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी असं बायबलमध्ये कुठं आहे? भांडण काढायचं म्हणून नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर येईना. रविवारी मिस्सा झाल्यावर फादरना गाठलं. त्यांनी मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा १२वा अध्याय काढून दाखवला. लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबी यरुशलेमला अर्पण पाठवतो, तो प्रसंग. मी जिंकल्यासारखी रूमवर आले. तिनं आपलं बायबल उघडलं, अनुक्रमणिका दोनदा पाहिली आणि म्हणाली, हे पुस्तक माझ्या बायबलमध्ये नाहीच.

खरंच नव्हतं. तिच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं, माझ्या बायबलमध्ये ७३.

हा फरक मला ऐकून माहीत होता, पण त्याचा त्रास पहिल्यांदाच झाला. प्रॉटेस्टंट परंपरा म्हणते, श्रद्धेच्या बाबतीत कधीच न चुकणारा अधिकार एकच, पवित्र शास्त्र. आम्ही कॅथलिक म्हणतो, शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा ही दोन्ही एकाच झऱ्याची, आणि त्यांचा अर्थ सांगायची जबाबदारी चर्चवर आहे. १५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं आमची पुस्तकांची यादी पक्की केली. म्हणजे शास्त्रात काय काय येतं हे सांगायलाही कुणीतरी लागलंच. पण उलट बाजूनं बघितलं तर, सांगणारा चुकला तर त्याला कशावर तपासायचं? शास्त्रावरच ना? हा प्रश्न घेऊन मी बरेच दिवस फिरत होते आणि उत्तर शोधताना अनपेक्षितपणे भेटल्या पंडिता रमाबाई.

रमाबाई आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. समाजसुधारक, शारदासदन, मुक्तिसदन. परीक्षेत पाच मार्कांची टीप. एकोणिसाव्या शतकातल्या गद्याच्या पेपरसाठी त्यांच्याबद्दल वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की माझा हाच प्रश्न त्यांनी पंचविशीत, परक्या देशात, पदरात लहान मूल असताना झेलला होता.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, कर्नाटकातल्या पश्चिम घाटात गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकायचं नाही असा तो काळ, आणि या गृहस्थांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. उडुपीला पंडितांपुढं त्यांना याचा जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रातलेच आधार काढून आपली बाजू मांडली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शास्त्राच्या नावानं दार बंद करता येतं आणि शास्त्राचाच आधार घेऊन ते उघडताही येतं, हे रमाबाईंच्या घरात त्यांच्या जन्माआधीच घडून गेलं होतं.

आईनं रमाबाईंकडून भागवताचे हजारो श्लोक पाठ करून घेतले. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी फिरायचं. मग दुष्काळ आला. उपास, दानं, नवस, जे जे शास्त्रात सांगितलंय ते सगळं केलं आणि होतं नव्हतं ते संपलं. १८७४मध्ये आधी वडील, मग आई, आणि पुढं थोरली बहीण गेली. राहिले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. नेमानं वागूनही हे का झालं, हा प्रश्न त्या पोरवयातच त्यांच्या मनात रुजला.

१८७८मध्ये दोघं भावंडं चालत चालत कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेतली आणि वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. बायकांपुढं धर्मावर बोलायचं म्हणून त्यांनी धर्मशास्त्रं नव्यानं वाचायला घेतली. आणि गंमत बघा, ग्रंथ जितके वाचावेत तितके ते एकमेकांशी भांडताना दिसले. एकाच बाबतीत मात्र बहुतेकांचं एकमत दिसलं, बाईला कमी लेखण्याच्या. केशवचंद्र सेन यांनी वेदाचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि वाचायला सांगितलं. ज्याला हात लावायची बंदी होती ते पुस्तक. हात लावला, आकाश कोसळलं नाही. पण मनाचं समाधानही झालं नाही.

१८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. आसामात सिल्चरला संसार होता. तिथं घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. १८८१मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२च्या फेब्रुवारीत कॉलऱ्यानं नवरा गेला. लेकीला घेऊन त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं, हंटर कमिशनपुढं साक्ष दिली. पुण्यातच त्यांची फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी गाठ पडली. हे मूळचे नीळकंठशास्त्री, काशीत वाढलेले चित्पावन पंडित, नंतर अँग्लिकन धर्मगुरू झालेले. शास्त्री भाषेतच दोघांच्या चर्चा चालायच्या.

१८८३मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या, तेव्हा धर्म बदलायचा नाही असं ठरवून गेल्या होत्या. वाँटेजला अँग्लिकन सिस्टरांच्या मठात राहिल्या. सिस्टरांचं एक घर त्यांनी पाहिलं. समाजानं वाईट ठरवलेल्या बायकांना तिथं आसरा आणि काम होतं. त्यांना धक्काच बसला. या बायकांची सेवा का करता असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा ४था अध्याय वाचून दाखवला. येशू आणि शोमरोनी बाई, विहिरीपाशी. २९ सप्टेंबर १८८३ला रमाबाईंचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. इकडे महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली.

बहुतेक पाठ्यपुस्तकं इथं थांबतात. माझ्यासाठी खरी गोष्ट इथून सुरू होते.

बाप्तिस्म्यानंतर त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक आईसारख्या. दोघींची पत्रं सुरू झाली आणि पत्रांतून वाद. सिस्टरांचं म्हणणं असं, की चर्चनं अठराशे वर्षं जपलेली शिकवण नम्रपणे स्वीकारावी, एकटीनं अर्थ लावत बसू नये. रमाबाईंचं म्हणणं असं, की हे बायबलमध्ये मला दाखवा. त्रैक्याची शिकवण या शब्दांत बायबलमध्ये कुठं आहे? अथानाशियसच्या नावानं चालणारा विश्वासांगीकार मी का म्हणायचा? एका पुरोहितवर्गाच्या हाताखालून मी नुकतीच सुटले आहे, दुसऱ्याच्या हाताखाली जायचं कशाला? त्यांनी तिथल्या मुलग्यांनाही शिकवावं का, यावर बिशपांनी हरकत घेतली, तीही त्यांना पटली नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं असण्यावरूनही वाद झाला. लॅटिन आमच्या बायकांना कळत नाही, संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं.

हे वाचताना माझी पंचाईत झाली. मी कॅथलिक. अँग्लिकन असल्या तरी सिस्टर जेराल्डिन यांचं म्हणणं मला घरचं वाटतं. लहानपणी कॅटेकिझमच्या वर्गात मी तेच शिकले. पण एक मुलगी म्हणून मी पूर्णपणे रमाबाईंच्या बाजूला होते. बाईनं पुस्तकाला हात लावू नये असं जिला सांगितलं गेलं, तिला पुन्हा ‘तू वाच, पण अर्थ आम्ही सांगू’ असं कुणी म्हटलं तर तिनं बिथरू नये का? सिस्टरांना त्यांच्यात गर्व दिसला. मला भीती दिसते. पुन्हा फसवलं जाण्याची.

या काळात त्यांनी आणखी एक पाहिलं. इंग्लंडात पंथ किती! प्रत्येकाच्या हातात बायबल आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. धर्मशास्त्रांचा जो गोंधळ मागं टाकला तोच इथं. एखादा म्हणेल, मग कुणीतरी निवाडा करणारा हवाच. मी तेच म्हटलं असतं. रमाबाईंनी उलट ठरवलं. कुठल्याही एका पंथाच्या कुंपणात जायचं नाही, बायबल धरून राहायचं. पुढं त्यांची श्रद्धा स्थिरावली, ख्रिस्ताला त्यांनी आयुष्य वाहिलं, पण हा बाणा सोडला नाही.

१८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तिथं पुस्तक लिहून आणि व्याख्यानं देऊन मदत उभी केली. ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदासदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. रमाबाईंची प्रार्थना उघड्या दाराआड चालायची, मुली येऊन बसायच्या. १८९३मध्ये यावरून वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली नेल्या. १८९६च्या दुष्काळात मात्र त्या मध्य प्रांतात जाऊन सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली बाई ती. पुणे-दौंड मार्गावर केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं.

आणि मग त्यांनी शेवटचं मोठं काम हाती घेतलं. मराठीत बायबल होतं, पण ते मुक्तिसदनातल्या बायकांना जड जायचं. शिवाय त्यातल्या संस्कृत शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत असं त्यांचं मत होतं. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, ऐकायला कमी येत असतानाही, आणि सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. छापखाना मुक्तिसदनातच, खिळे जुळवणाऱ्याही तिथल्याच बायका. १९२१मध्ये मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ते पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर आलं.

मला जे कळलं ते असं. रमाबाई म्हणायच्या फक्त शास्त्र, आणि त्यांना तसं म्हणायचा पुरेपूर हक्क होता. पण त्यांच्याच आयुष्यात ते पुस्तक कधीच एकटं आलं नाही. लूकचं शुभवर्तमान कुणीतरी बंगालीत आणलं होतं. योहानाचा अध्याय एका सिस्टरनं वाचून दाखवला, तोही त्यावर जगणाऱ्या सिस्टरनं. हिब्रू जपली ती यहुदी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या. आणि मुक्तिसदनातल्या बाईला बायबल मिळालं ते रमाबाईंच्या हातून, त्यांनी निवडलेल्या शब्दांत. त्या बाईसाठी रमाबाई म्हणजेच परंपरा होत्या. आम्ही जिला परंपरा म्हणतो ती माझ्या मते हीच, हातातून हातात दिलेली गोष्ट.

पण आमच्या बाजूलाही त्या एक धडा देऊन जातात. देणाऱ्यानं दिल्यावर मूठ सोडली पाहिजे. घेणाऱ्यानं उघडून बघितलं, प्रश्न विचारले, तर तो अपमान नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनं १९६५मध्ये म्हटलं, की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या शब्दाच्या वर नाही, तो त्या शब्दाचा सेवक आहे. हे वाचताना मला चेल्टनहॅमची ती पंचविशीतली विद्यार्थिनी आठवली.

आणखी एक. रमाबाईंचे हे सगळे वाद आज आपल्याला का वाचता येतात? कारण सिस्टर जेराल्डिन यांनी ती पत्रं जपून ठेवली. ती १९७७मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केली. जिच्याशी एवढं भांडण, तिनंच शिष्येचा शब्द न् शब्द सांभाळला. विरोधातलासुद्धा.

माझ्या आणि रूममेटच्या पुस्तकांचा आकडा अजून जुळलेला नाही, जुळणारही नाही. ६६ की ७३, यावर मी माझ्या चर्चसोबत आहे, आणि आता का आहे ते मला थोडंतरी सांगता येतं. यंदा २ नोव्हेंबरला मी पुन्हा आजोबांना मेणबत्ती लावणार आहे. रूममेट म्हणाली, प्रार्थना नाही करणार, पण सोबत येईन. मी म्हटलं, ये.