मार्टिनस बायेरिंक

मार्टिनस विलेम बायेरिंक (१६ मार्च, १८५१ – १ जानेवारी, १९३१) हे डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू त्यांनी १८८८ मध्ये प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

जीवन

बायेरिंक यांचा जन्म अ‍ॅमस्टरडॅम येथे झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाल्याने त्यांच्या शिक्षणाचा खर्च काकांनी उचलला. १८७७ मध्ये लायडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय वनस्पतींवरील कीटकजन्य गाठी हा होता. वाखेनिंगन येथील कृषिशाळेत अध्यापन केल्यावर ते १८८५ मध्ये डेल्फ्ट येथील यीस्ट व मद्यार्काच्या कारखान्यात रुजू झाले. मुळांवरील गाठींचे संशोधन याच काळातले. १८९५ ते १९२१ ते डेल्फ्ट येथे प्राध्यापक होते. स्वभावाने ते तापट होते व विद्यार्थी त्यांना बिचकून असत. ते अविवाहित राहिले. निवृत्तीनंतर ते बहिणींसह खोर्सेल येथे राहिले व तेथेच त्यांचे निधन झाले.

मुळांवरील गाठी

कडधान्यानंतर घेतलेले पीक जोमदार येते, हा शेतकऱ्यांचा जुना अनुभव होता. जर्मनीत हेलरीगेल व विल्फार्ट यांनी १८८६ मध्ये दाखविले की, गाठी असलेली रोपे हवेतील नत्र वापरतात. मात्र गाठी कोण निर्माण करते, हे सिद्ध व्हायचे होते. बायेरिंक यांनी गाठींतील जिवाणू जिलेटिनयुक्त माध्यमावर वाढविले व १८९० मध्ये त्या शुद्ध संवर्धाने बाकल्याच्या रोपांवर गाठी आणून दाखविल्या. त्यांनी दिलेले 'बॅसिलस रॅडिसिकोला' हे नाव टिकले नाही. फ्रांक यांचे 'रायझोबियम' रूढ झाले. वेगळा काढलेला जिवाणू प्रयोगनळीत नत्र स्थिर करतो, हे मात्र त्यांना दाखविता आले नाही. काही रायझोबियमांबाबत ते १९७५ मध्ये साध्य झाले. त्यामुळे या शोधाचे श्रेय एकट्या बायेरिंक यांना देणे योग्य ठरत नाही.

इतर संशोधन

१८९८ मध्ये त्यांनी तंबाखूच्या केवडा रोगाचे कारण जिवाणूंहून वेगळे, गाळणीतून पार होणारे असल्याचे मांडले. विषाणुशास्त्राचा आरंभ येथून मानतात. १९०१ मध्ये त्यांनी जमिनीत मुक्तपणे राहून नत्र स्थिर करणाऱ्या अ‍ॅझोटोबॅक्टरचे वर्णन केले. १९०५ मध्ये त्यांना लेव्हेनहूक पदक मिळाले.

शेतीतील उपयोग

कोल्हापूर जिल्ह्यात खरिपात भुईमूग व सोयाबीन घेतात. पेरणीपूर्वी १० किलो बियाण्यास सुमारे २५० ग्रॅम रायझोबियम संवर्धक गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळतात व बियाणे सावलीत सुकवितात. गुळामुळे संवर्धक बियाण्यास चिकटतो. त्यासाठी गूळ कोल्हापुरीच हवा असे नाही. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे लागते. पिकानुसार संवर्धक निराळा असतो. सोयाबीनच्या मुळांशी जुळणारे जिवाणू, हे पीक पूर्वी न घेतलेल्या जमिनीत बहुधा नसतात, म्हणून तेथे बीजप्रक्रिया विशेष महत्त्वाची ठरते. कार्यक्षम गाठ कापली असता आतून गुलाबी-लाल दिसते. पांढरी किंवा हिरवट गाठ सहसा निरुपयोगी असते. ऊस व ज्वारीसाठी अ‍ॅझोटोबॅक्टर वापरतात.