अर्ध्या वाटेवरचे शिक्षण आणि डॉ. हार्पर

महाविद्यालयीन शिक्षणाच्या चार वर्षांचे दोन भाग करता येतात, पहिली दोन वर्षे एका संस्थेत आणि पुढील दोन दुसऱ्या संस्थेत पुरी करता येतात, ही कल्पना अमेरिकेत आज कोणालाही नवी वाटत नाही. तेथील हजाराहून अधिक कम्युनिटी कॉलेजे तिच्याच पायावर उभी आहेत. या कल्पनेचा उच्चार काही विद्वानांनी आधीही केला होता. परंतु तिला संस्थेचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने जाते ते शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष डॉ. विल्यम रेनी हार्पर यांच्याकडे. अवघे ४९ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या हिब्रूच्या प्राध्यापकाने जे उभारले त्याचे बळ आणि त्यातील उणीव ही दोन्ही लक्षावधी विद्यार्थ्यांच्या वाट्याला आजही येत आहेत.

हार्पर यांचा जन्म २४ जुलै १८५६ रोजी ओहायो राज्यातील न्यू काँकर्ड या लहानशा गावी झाला. वडिलांचे दुकान होते. मुलगा दहाव्या वर्षी गावातल्याच मस्किंगम कॉलेजात दाखल झाला आणि चौदाव्या वर्षी, १८७० साली, पदवीधर झाला. पदवीदान समारंभात त्याने हिब्रू भाषेत भाषण केले. पुढे काही काळ दुकान सांभाळून त्याने येल विद्यापीठ गाठले आणि तेथे १८७५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, डॉक्टरेट मिळवली. तिथले त्याचे गुरू होते विल्यम ड्वाइट व्हिटनी. संस्कृत व्याकरणाचे आणि अथर्ववेदाचे अभ्यासक म्हणून व्हिटनी यांचे नाव आपल्याकडच्या संस्कृतज्ञांनाही परिचित आहे. हार्पर यांच्या प्रबंधात लॅटिन व ग्रीकच्या जोडीला संस्कृत आणि गॉथिक या भाषांमधील शब्दयोगी अव्ययांचा तौलनिक अभ्यास होता.

एवढी विद्वत्ता लाभलेला माणूस ग्रंथालयात रमून राहिला असता तर नवल नव्हते. परंतु हार्पर यांना ज्ञान वाटल्याशिवाय चैन पडत नसे. शिकागोजवळच्या मॉर्गन पार्क येथील धर्मशास्त्र विद्यालयात हिब्रू शिकवीत असताना त्यांनी १८८१ साली टपालाने हिब्रू शिकविण्यास आरंभ केला. सुटीतले उन्हाळी वर्ग भरविले. शटाक्वा येथील प्रसिद्ध उन्हाळी ज्ञानसत्रांच्या महाविद्यालयाची धुराही त्यांनी वाहिली. १८८६ साली येलमध्ये प्राध्यापकपद मिळाल्यावरही हे उद्योग थांबले नाहीत. ज्याला वर्गात येता येत नाही तोही विद्यार्थीच होय, ही त्यांची धारणा या अनुभवातून पक्की झाली.

नव्या विद्यापीठाची घडण

तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांनी, इतरांनी चार लाख डॉलर्स जमवावेत या अटीवर, सहा लाख डॉलर्सची देणगी देऊ केली आणि १८९० साली शिकागो विद्यापीठाची स्थापना झाली. अध्यक्षपद हार्पर यांच्याकडे आले. १ ऑक्टोबर १८९२ रोजी वर्ग सुरू झाले तेव्हा त्यांची रचना इतर विद्यापीठांहून वेगळी होती. वर्षाची चार सत्रे केलेली होती. विद्यार्थ्याने कोणत्याही सत्रात यावे, एखादे सत्र कामधंद्यासाठी सोडावे, पुन्हा यावे, अशी सोय होती. स्त्रियांना आरंभापासून प्रवेश होता. टपालाने केलेला अभ्यास काही मर्यादेपर्यंत पदवीच्या हिशेबात धरला जात असे. १८९८ साली तर शहरातील शाळाशिक्षकांसाठी शहराच्या मध्यभागी स्वतंत्र वर्ग निघाले. दिवसभर शाळेत शिकवून संध्याकाळी स्वतः विद्यार्थी होणाऱ्या शिक्षकाला विद्यापीठाने आपल्या दारी न बोलावता त्याच्या दारी जावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

याच रचनेत चार वर्षांचे दोन भाग होते. १८९६ पासून त्यांना ज्युनियर कॉलेज आणि सीनियर कॉलेज अशी नावे मिळाली, आणि १९०० साली पहिली दोन वर्षे पुरी करणाऱ्यास असोसिएट ही पदवी मिळू लागली. ही पहिली दोन वर्षे विद्यापीठाच्या आवारातच झाली पाहिजेत असे नाही, हा हार्पर यांचा पुढचा विचार होता. धडपडणाऱ्या लहान महाविद्यालयांनी चार वर्षांचा डोलारा सांभाळण्यापेक्षा दोनच वर्षे उत्तम शिकवावीत, आणि समर्थ माध्यमिक शाळांनी दोन इयत्ता वर चढवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. १९०१ साली इलिनॉयमधील जोलिएट येथे शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी हार्पर यांच्या प्रोत्साहनाने हा प्रयोग केला. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते सहा. तेच आजचे जोलिएट ज्युनियर कॉलेज, अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज.

हेतूतील द्वैत

हार्पर यांना निखळ लोकशाहीवादी ठरविणे मात्र अर्धसत्य होईल. जर्मन विद्यापीठांच्या धर्तीवर शिकागोने संशोधनाला वाहून घ्यावे, प्राथमिक स्वरूपाच्या अध्यापनाचे ओझे इतरांनी उचलावे, हाही त्यांचा हेतू होता. ज्यांची कुवत वा परिस्थिती पुढे जाण्याची नाही त्यांना दोन वर्षांनंतर सन्मानाने थांबता यावे, असेही त्यांना वाटे. म्हणजे तीच पायरी कोणाला वर नेणारी आणि कोणाला तेथेच थांबविणारी ठरणार होती. हे द्वैत या व्यवस्थेला जन्मापासून चिकटले आहे.

१९०५ च्या आरंभी हार्पर यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. दुखणे असाध्य असल्याचे कळूनही ते शिकवीत आणि लिहीत राहिले. आमोस व होशेय या हिब्रू संदेष्ट्यांवरील त्यांचे भाष्य त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. १० जानेवारी १९०६ रोजी त्यांचा अंत झाला. त्याच सुमारास कार्नेगी प्रतिष्ठानाच्या प्रभावाने अध्ययन तासांत मोजण्याची पद्धत रूढ होऊ लागली आणि तासांवर बेतलेले क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, हे अमेरिकी शिक्षणाचे चलन बनले.

मात्र हे चलन सर्वत्र सारख्या भावाने चालत नाही. अमेरिकी काँग्रेससाठी लेखापरीक्षण करणाऱ्या शासकीय कार्यालयाने २०१७ साली दिलेल्या अहवालानुसार, २००४ ते २००९ या काळात संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेले. २०१५ साली कम्युनिटी कॉलेजात शिरलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश विद्यार्थीच चार वर्षांच्या संस्थेत पोचले आणि सहा वर्षांत पदवी हाती पडली ती सुमारे १६ टक्क्यांच्या. वाया गेलेला श्रेयांक म्हणजे दुसऱ्यांदा भरलेली फी, लांबलेली नोकरी, आणि पुष्कळदा कायमचे सुटलेले शिक्षण. हा भुर्दंड बसतो तो बहुधा कामधंदा करून शिकणाऱ्यास.

उपाय अज्ञात नाहीत. फ्लोरिडाने १९७१ मध्येच राज्यभर लागू होणारा संक्रमण-करार केला आणि पुढे सर्व सार्वजनिक महाविद्यालयांत एकाच अभ्यासक्रमास एकच क्रमांक दिला. कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदा करून विशिष्ट असोसिएट पदवी घेणाऱ्यास कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाच्या दर्जाने प्रवेशाची हमी दिली. अधिक प्रतिष्ठित अशा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियावर मात्र त्या कायद्याने तसे बंधन घातले नाही. वरच्या मजल्यावरील संस्थेने खालच्या मजल्यावरील अध्यापनावर विश्वास ठेवायचा की नाही, हा मूळ प्रश्न तेथेही उरलाच.

भारतातही २०२१ पासून श्रेयांकांची पेढी अस्तित्वात आली आहे. तिच्या नियमांनुसार श्रेयांक सात वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. परंतु जपलेले श्रेयांक आणि स्वीकारलेले श्रेयांक यांत फार मोठे अंतर आहे. हार्पर यांनी संलग्न संस्थांशी आधी बोलणी केली, अभ्यास तपासला, आणि मग त्यांचे विद्यार्थी आपले मानले. कोणता अभ्यासक्रम कोठे चालेल हे प्राध्यापकांनी आणि विद्यापीठांनी आधी ठरवावयाचे असते. प्रवेशाच्या खिडकीपाशी गुणपत्रिका घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने ते सिद्ध करावयाचे नसते. त्यांच्या कार्यातून घ्यावयाचा धडा हाच. त्यांचा दुसरा हेतू, नको असलेल्यांना खालीच थांबविण्याचा, तो मात्र त्यांच्याबरोबरच इतिहासजमा व्हावयास हवा होता.