चिठ्ठी उचलली, वाट्याला चरबी आली आणि कोलेस्टेरॉलचं कोडं सुटलं

कागल तालुक्यातलं बिद्री म्हटलं की आठवतो साखर कारखाना. इथे कुणाच्या रक्ताच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं की पहिला संशय तांबड्या रश्श्यावर. पण आयुष्यात अंड्याला न शिवलेल्या माळकऱ्याच्या अंगातही कोलेस्टेरॉल असतंच. ते येतं कुठून?

याचा माग काढला कोनराड ब्लॉख यांनी. १९१२ साली जर्मनीत ज्यू घरात जन्म. म्युनिकमध्ये केमिस्ट्री शिकले, पण नाझींमुळे १९३४ मध्ये देश सुटला. दावोसला टीबीच्या जंतूंवर काम मिळालं. त्या जंतूंत कोलेस्टेरॉल असतं असं तेव्हा छापून आलं होतं, ब्लॉख यांना ते सापडलंच नाही! १९३६ मध्ये त्यांनी अमेरिका गाठली.

तिथे कोलंबिया विद्यापीठात ते रुडॉल्फ शोएनहायमर यांच्या हाताखाली होते. १९४१ मध्ये शोएनहायमर अकाली गेले. अर्धवट राहिलेलं काम कुणी पुढे न्यायचं? ब्लॉख यांच्या आठवणीप्रमाणे सहकाऱ्यांनी चक्क चिठ्ठ्या टाकल्या. ब्लॉख यांच्या वाट्याला स्निग्ध पदार्थ आले.

जड हायड्रोजनची खूण केलेलं ॲसिटेट त्यांनी आणि रिटेनबर्ग यांनी प्राण्यांना खाऊ घातलं. १९४२ मध्ये दिसलं की तीच खूण कोलेस्टेरॉलमध्ये उतरलीय. ॲसिटेट म्हणजे व्हिनेगरच्या आंबट ॲसिडचंच भावंडं. तूप असो वा साखर, शरीर दोन्ही मोडून हाच दोन कार्बनचा तुकडा काढतं. त्यातून तीसेक पायऱ्यांनी २७ कार्बनचं कोलेस्टेरॉल घडतं. थोडक्यात, बिद्रीच्या साखरेतूनही.

१९६४ मध्ये फेओडोर लिनेन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

पण शरीर एवढा खटाटोप का करतं? पेशीच्या पडद्यासाठी. थंडीत तूप थिजतं, उन्हात पातळ होतं. पडद्यातल्या चरबीचं तसं होऊ नये म्हणून मधे कोलेस्टेरॉल बसलेलं असतं. आधीच्या ३० कार्बनच्या रेणूवरचे तीन कार्बन छाटले जातात, तेव्हा कुठे तो पडद्यात नीट बसतो, हे ब्लॉख यांनी हार्वर्डमध्ये उतारवयात मांडलं.

पुढचा भाग ब्राऊन आणि गोल्डस्टाइन यांचा, नोबेल १९८५. आतल्या पडद्यात कोलेस्टेरॉल कमी पडलं की पेशी स्वतःचं उत्पादन वाढवते आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेणारी दारंही वाढवते. भरपूर झालं की दोन्ही कमी. ज्यांची दारं जन्मतःच बिघडलेली, त्यांचं कोलेस्टेरॉल ते सडपातळ असले तरी लहानपणापासून चढं राहतं आणि हार्ट अटॅक तरुणपणीच येऊ शकतो. तिथे नुसता रस्सा सोडून भागत नाही.

स्टॅटिनची गोळी त्या तीसेक पायऱ्यांपैकी सुरुवातीची एक अडवते. मग यकृत दारं वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल उतरतं. पहिली स्टॅटिन १९८७ मध्ये बाजारात आली, तेव्हा ब्लॉख पंच्याहत्तरीचे होते. १५ ऑक्टोबर २००० रोजी ते गेले.