न शिकलेला इंजिनिअर

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी म्हणजे घरात बोलायची भाषा, लिहायची वेळ फक्त त्या एका पेपरापुरती. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण या माणसाबद्दल मला मराठीतच लिहायचं होतं.

गोष्ट सुरू होते फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये. फिटिंगचा जॉब सगळ्यांना आठवत असेलच! माइल्ड स्टीलचे दोन तुकडे, कानस घासून घासून एकमेकांत बसवायचे. मी तीन आठवडे घासत होते, तळहाताला फोड आले. शेवटी सरांनी जॉब उजेडाकडे धरला, फटीतून आरपार खिडकी दिसली आणि जॉब रिजेक्ट झाला. मेकला आम्ही मुली फक्त चौघी, त्यामुळे सगळा वर्ग बघत होता. त्या शनिवारी मी होस्टेलवरून थेट स्वारगेट गाठलं आणि एसटीने मामाकडे भोंगवलीला गेले. ब्रँच बदलायची, नाहीतर इंजिनिअरिंगच सोडायचं, असं काहीतरी डोक्यात होतं.

भोर तालुक्यातलं भोंगवली हे माझं आजोळ. मामा पेंटर आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नावं, दुकानांच्या पाट्या, देवळाच्या भिंतीवरचे गणपती-मारुती, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्याच्या हातचं. गावात त्याला नावाने कोणी हाक मारत नाही, नुसतं ‘पेंटर’ म्हणतात. फ्लेक्स आल्यापासून काम निम्म्यावर आलंय. त्याच्या खोलीत रंगाच्या डब्यांच्या वर एका माणसाचा जुना फोटो लावलेला असतो. लहानपणापासून मला तो कोणीतरी नातेवाईक वाटायचा. त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं, हे कोण? मामा हसला आणि म्हणाला, आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा माणूस. ते होते बाबूराव पेंटर. थोडं मामाने सांगितलं, बाकीचं मी परत आल्यावर कॉलेजच्या लायब्ररीत शोधलं.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कारागीर माणूस, घरात हत्यारं आणि रंग दोन्ही. बाबूरावांचं शाळेत फार शिक्षण झालं नाही आणि कुठल्या आर्ट स्कूलचा डिप्लोमाही नाही. नात्यातले थोरले भाऊ आनंदराव मेस्त्री हे चित्रकार होते आणि यंत्रांचे वेडे होते. बाबूराव त्यांच्या हाताखाली राहिले. दोघे मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. तो काळ संगीत नाटकाच्या भरभराटीचा. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’साठी या भावांनी केलेल्या पडद्यांनी त्यांचं नाव एवढं झालं की ‘मेस्त्री’ आडनाव मागे पडलं आणि दोघेही ‘पेंटर’ झाले.

नाटकाचा पडदा रंगवणं म्हणजे काय हे मला मामाने दाखवलं. छोट्या कागदावर चित्र काढायचं, त्यावर चौकटी आखायच्या. मग दोरी खडूत बुडवून मोठ्या कापडावर तेवढ्याच चौकटी मारायच्या आणि एकेक चौकट मोठी करत जायचं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला राजवाडा खराच वाटला पाहिजे. म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, स्केल, छाया-प्रकाश हे सगळं त्यात आलं. आपण ज्यासाठी ड्रॉइंग हॉलमध्ये रात्र रात्र जागतो, ते बाबूराव पडद्यासमोर उभे राहून शिकले.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तो पाहिल्यावर या दोन भावांना स्वस्थ बसवेना. रंगवलेला पडदा हलत नव्हता, हा पडदा हलत होता! त्यांनी एक प्रोजेक्टर मिळवला, त्यावर खेळ दाखवले आणि त्याच्याकडे बघत बघत यंत्र समजून घ्यायला लागले. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा. परदेशी कॅमेरा परवडण्यातला नव्हता, त्यात पहिलं महायुद्ध चालू. मग ठरलं, कॅमेरा आपणच बनवायचा. काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी पंचविशीच नुकती ओलांडली होती. ज्याच्या शेजारी उभं राहून सगळं शिकलो तोच माणूस गेल्यावर हातातलं काम सोडून देणं किती सोपं असेल! पण बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेतलं आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा पूर्ण केला. आपल्या देशात बनलेला पहिला मूव्ही कॅमेरा म्हणून त्याचं नाव घेतात.

आता जरा मेकच्या भाषेत बोलू (बाकीच्या ब्रँचवाल्यांनी सांभाळून घ्या). सिनेमाची फिल्म कॅमेऱ्यातून सरळ वाहत जात नाही. ती थांबते, चित्र टिपलं जातं, मग पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा व्हायचं, तेही हाताने हँडल फिरवून, सेकंदाला दोन फेरे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला एका चित्रामागे प्रत्येक कडेला ४ छिद्रं असतात, म्हणजे दर वेळी फिल्म १९ मिलिमीटरच सरकली पाहिजे. जरा कमीजास्त झालं की पडद्यावर चित्र थरथरतं. फिल्म सरकताना शटर बंद आणि थांबल्यावर उघडं, हा मेळही चुकून चालत नाही. थिअरी ऑफ मशिन्समध्ये आपण इंटरमिटंट मोशन म्हणून जे पाठ करतो ते हेच. आपण व्हायवाला जिनिव्हा मेकॅनिझमची आकृती काढतो. या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात तसलंच काम धातूत करून दाखवलं. माझ्या दोन तुकड्यांतून खिडकी दिसत होती हे आठवून मला खरंच लाज वाटली!

मग ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. पैसा उभा करताना गायिका तानीबाई कागलकर यांची मदत झाली आणि शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. पहिली अडचण म्हणजे बायका मिळेनात. सिनेमात काम करणं तेव्हा इतकं हलकं समजत की फाळक्यांच्या तारामतीचं काम पुरुषाने केलं होतं. बाबूरावांनी मात्र स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी ‘कमलादेवी’ आणि ‘सुशीलादेवी’ या नावांनी ‘सैरंध्री’मध्ये उभ्या राहिल्या. १९२० साली पुण्यात आर्यन थिएटरला ‘सैरंध्री’ लागला. कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब होता की लोक हादरले आणि तो पुढे सेन्सॉरच्या कात्रीत सापडला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. ज्या माणसाचं नाव पडदे रंगवून झालं, त्यानेच सिनेमातून रंगवलेले पडदे काढून टाकले! नाटकात प्रेक्षक एका जागी बसलेला असतो, म्हणून सपाट पडदा चालतो. कॅमेऱ्यासमोर ती लबाडी उघडी पडते. हे त्यांना कळलं, कारण ती लबाडी त्यांनी स्वतःच्या हाताने वर्षानुवर्षं केली होती. त्यांनी भरीव, खऱ्याखुऱ्या मापाचे सेट उभे केले. शूटिंगच्या आधी प्रसंगांची आणि कपड्यांची चित्रं काढून ठेवायची पद्धत पाडली. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीचे प्रसंग कृत्रिम प्रकाशात घेतले. १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ आला. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा, कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणाऱ्या शेतकऱ्याचा. देवादिकांच्या सिनेमांच्या काळात हा विषय घेणं धाडसाचंच होतं.

पण ‘सेल्फ-टॉट’ म्हणजे एकट्याने शिकलेला, ही माझी समजूत इथे चुकीची ठरली. बाबूरावांना आधी आनंदराव होते. नंतर त्यांच्या कंपनीत जो येईल तो पडेल ते काम करत शिकला. दामले, फत्तेलाल, धायबर आणि १९२० मध्ये आलेला शांताराम वणकुद्रे नावाचा एक पोरगा. हाच पुढे व्ही. शांताराम झाला, आणि ‘सावकारी पाश’मधला शेतकरीही त्यानेच केला. ना सिलॅबस, ना सबमिशन! रंग कालवा, सुतारकाम करा, फिल्म धुवा, वेळ आली तर तोंडाला रंग लावून उभे राहा.

आणि मग तेच झालं जे गुरूंच्या वाट्याला येतं. १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्ण्यांना घेऊन त्यांनी ‘प्रभात’ काढली. पुढे ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ही फार तग धरू शकली नाही. तेवढ्यात बोलपट आले. बाबूरावांना त्यांचा फारसा उत्साह नव्हता. इतक्या कष्टाने घडवलेली चित्रांची भाषा बोलण्याच्या गडबडीत मरेल अशी त्यांना भीती होती. शिष्य मात्र नव्या यंत्रावर स्वार झाले. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ची १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. बाबूरावांनी नंतरही काही बोलपट केले, पण ते दिवस परत आले नाहीत. चित्रं आणि शिल्पं करत ते कोल्हापुरातच राहिले आणि १६ जानेवारी १९५४ रोजी गेले. त्यांच्या मूकपटांपैकी आज फार थोडा भाग शिल्लक आहे. कॅमेरा बनवणाऱ्या माणसाची चित्रंच पुसली गेली!

हे वाचल्यावर मी मामाला फोन केला. म्हटलं, शिष्य सोडून गेले याचं तुम्हाला वाईट नाही वाटत? मामा थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, सोडून जायला आधी कोणीतरी शिकायला आलं पाहिजे ना. माझ्याकडे आता कोणी येत नाही.

या वाक्यावर मला काही सुचलं नाही. पण त्या वर्षी गॅदरिंगच्या एकांकिकेला फ्लेक्सऐवजी रंगवलेला पडदा करायचं मी अंगावर घेतलं. तीन शनिवार-रविवार आम्ही दोघी होस्टेलच्या मुली भोंगवलीला जाऊन राहिलो. पहिला पडदा फुकट गेला. सरस जास्त झाला आणि वाळल्यावर रंगाचे पोपडे उडाले. मामा ओरडला नाही. त्याने ते कापड धुऊन वाळत घातलं आणि पुन्हा दोरी खडूत बुडवायला लावली. दुसरा पडदा उभा राहिला. त्यातला वाडा जरा डावीकडे कललाय. ज्यांनी एकांकिका पाहिली त्यांना आठवत असेल, हसलातही असाल!

फिटिंगचा जॉब मी पुन्हा केला. या वेळी सरांनी उजेडाकडे धरला तेव्हा फट होती, पण केसाएवढी. आता थर्ड इयरला आहे, ब्रँच तीच आहे. पुढच्या महिन्यात भोंगवलीच्या एका दुकानाची पाटी रंगवायची आहे. मामा म्हणालाय, अक्षरं तू काढ, मी शेजारी उभा राहतो.